मायलेकरांची डॉक्टरीणबाई : डॉ. एडिथ पेची-फिप्सन



जुन्या हुबळीत एखाद्या घरी रात्री-अपरात्री तान्हे मूल तापाने फणफणले की सारी गल्ली जागी होते. कोणी रिक्षा आणायला धावतो, कोणी उशाखालचे पैसे काढून देतो, आणि मूल छातीशी धरून आई विद्यानगरच्या मोठ्या रुग्णालयाची वाट धरते. तेथे पोहोचल्यावर बापाचा जीव एकाच प्रश्नाशी अडकलेला असतो : खाट मिळेल काय? औषध कोठेही मिळते. पण मुलाला आत घेतील काय, रात्रभर कोणी त्याच्यापाशी जागेल काय, हाच खरा प्रश्न. म्हणून लहान मुलांच्या रुग्णालयाला नवी इमारत जोडली जात आहे, खाटा वाढत आहेत, असे कानावर आले की आपल्याला आनंद होतो, आणि मंडळीत त्यासाठी वर्गणीची थैली फिरली तर आपण हात आखडता घेत नाही.

परंतु केवळ इमारतीने मूल वाचते काय? हा प्रश्न मनात आला म्हणजे मला मार्काच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आठवतो. याईराची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारी आहे. प्रभू येशू तिच्या घरी निघाला आहे. आणि वाटेत बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री गर्दीतून लपतछपत येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. पुष्कळ वैद्य झाले, जवळचे सारे धन गेले, गुण मात्र आला नाही. आपले दुखणे चारचौघांत बोलण्याचीही तिला सोय नाही. एकाच दिवशी, एकाच वाटेवर, प्रभूने एका स्त्रीला आणि एका लेकराला बरे केले. आणि त्या मुलीच्या खोलीत जाताना त्याने गलबला करणाऱ्यांना बाहेर काढून आईबापांना मात्र आत घेतले, हे विसरू नये.

स्त्रीचे आणि लेकराचे दुखणे एकाच छपराखाली पाहिले पाहिजे, हे आपल्या मुंबई शहराला ज्या बाईने कृतीने शिकविले, तिची ही जीवनकथा आहे.

एडिथ पेची हिचा जन्म ७ ऑक्टोबर १८४५ रोजी इंग्लंडातील एसेक्स परगण्यातील लँगहॅम या खेड्यात झाला. वडील विल्यम पेची हे बाप्टिस्ट मंडळीचे पाळक. आई सॅरा ही वकिलाची मुलगी, आणि त्या काळी इंग्लंडातही स्त्रियांना दुर्मीळ असलेले ग्रीक भाषेचे ज्ञान तिला होते. पाळकाच्या घरी धन बेताचे, पण पुस्तके भरपूर. मुलगी मोठी झाल्यावर तिच्यापुढे एकच प्रतिष्ठित धंदा होता : श्रीमंतांच्या मुलांना त्यांच्या घरी राहून शिकविणे. ते काम एडिथने काही वर्षे केले.

१८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक नावाच्या एका तरुणीने एडिंबरो विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकण्याची परवानगी मागितली. एकट्या बाईसाठी वेगळी सोय करता येणार नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा तिने सोबतिणींना साद घातली. एडिथ पेची त्या सादेला ओ देऊन गेली. पुढे त्यांची संख्या सात झाली आणि इतिहासात त्या एडिंबरोच्या सात जणी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

तेथे काय झाले ते आजच्या आपल्या मुलींनी वाचण्याजोगे आहे. १८७० साली रसायनशास्त्राच्या परीक्षेत एडिथ पहिल्या खेपेस बसलेल्या विद्यार्थ्यांत सर्वांत वर आली. त्या क्रमांकाला होप शिष्यवृत्ती ठेवलेली होती. पण पुरुष विद्यार्थी रुसतील या भीतीने ती शिष्यवृत्ती तिला नाकारली गेली आणि तिच्याहून कमी गुण मिळविणाऱ्याच्या पदरात पडली. त्याच वर्षी १८ नोव्हेंबर रोजी शस्त्रवैद्यांच्या सभागृहात शरीरशास्त्राच्या परीक्षेसाठी या मुली निघाल्या असता जमावाने वाट अडविली, चिखल आणि घाण फेकली, दार तोंडावर लावले. परीक्षा चालू असताना आत एक मेंढरू ढकलून देण्यापर्यंत मजल गेली. मुलींनी परीक्षा दिली. तरीही १८७३ साली न्यायालयाने असे ठरविले की, विद्यापीठाने या मुलींना प्रवेश द्यायलाच नको होता. मग पदवी कोठली?

चार वर्षांचे श्रम वाया गेल्यासारखे झाले. पण त्या खचल्या नाहीत. एडिथने काही काळ बर्मिंगहॅमच्या स्त्रियांच्या रुग्णालयात काम केले, जर्मन भाषेत परीक्षा देऊन स्वित्झर्लंडमधील बर्न येथे १८७७ च्या जानेवारीत एम. डी. ची पदवी मिळविली, आणि त्याच वर्षी डब्लिनच्या वैद्यमंडळाची परीक्षा उतरून रीतसर परवाना घेतला. मग सहा वर्षे तिने लीड्स शहरात दवाखाना चालविला. मनात आणले असते तर तेथेच सुखाने आयुष्य काढता आले असते.

आता आपण इकडे, आपल्या देशाकडे वळू. त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते?

बायकांनी पुरुष डॉक्टरला अंग दाखवायचे नाही, ही रीत घरोघर होती. बाई पडद्याआड, डॉक्टर आलाच तर तो बाहेर, मधे निरोप सांगणारा नवरा किंवा सासू. बाळंतपण सुइणीच्या हाती, घरातील सर्वांत अंधाऱ्या खोलीत. आईला ताप भरला की तान्ह्याचे दूध तुटे, आणि आईमागोमाग लेकरूही जाई. पंडिता रमाबाई १८८२ साली पुण्यास शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देण्यास उभ्या राहिल्या, तेव्हा या देशाला स्त्री डॉक्टरांची किती निकड आहे हे त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडले. १८८३ च्या एप्रिलात आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेस निघाल्या. स्वतःचे तान्हे बाळ गमावलेली ती आई होती. त्याच साली रमाबाईही इंग्लंडला गेल्या. आपल्या दोन लेकी समुद्र ओलांडून पश्चिमेकडे जात असताना, त्याच वर्षाच्या डिसेंबरात पश्चिमेकडून एक लेक मुंबईच्या धक्क्यावर उतरली. ती एडिथ पेची.

उत्तर हिंदुस्थानात हे काम मिशनच्या भगिनींनी आधीच हाती घेतले होते, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. मेथडिस्ट मिशनच्या डॉ. क्लॅरा स्वेन १८७० साली बरेलीस आल्या आणि रामपूरच्या नवाबाने दिलेल्या जागेवर त्यांनी स्त्रियांचे रुग्णालय उभे केले. मुंबईत मात्र या कामाचा पुढाकार गावच्या नागरिकांनी घेतला. जॉर्ज किट्रेज नावाचे एक अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी सुधारक यांनी मिळून एक निधी उभारला. निधीचे हेतू सरळ होते : इंग्लंडातून शिकलेल्या स्त्री डॉक्टर आणाव्यात, स्त्रिया व मुले यांच्यासाठी दवाखाना आणि रुग्णालय काढावे, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजाचे दार आपल्या मुलींना उघडावे. १८८३ साली ते दार उघडलेही. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयाच्या इमारतीसाठी लाखाहून अधिक रुपये दिले. एका मुसलमान व्यापाऱ्याच्या देणगीतून दवाखाना निघाला, त्याला जाफर सुलेमान यांचे नाव मिळाले. धडपडणारा ख्रिस्ती, देणारे पारशी आणि मुसलमान, आणि आजारी पडलेल्या लेकी साऱ्या जातिधर्मांच्या. असे ते काम होते.

कामांच्या देणगीत एक गोष्ट मोलाची होती. हे रुग्णालय स्त्री डॉक्टरांनीच चालवावे, अशी अट तीत होती. त्या काळी ही गोष्ट इंग्लंडातही अपवादाचीच होती. २२ नोव्हेंबर १८८३ रोजी ड्यूक ऑफ कनॉट यांच्या हस्ते कोनशिला बसली. पण कोनशिलेने रोगी बरे होत नाहीत. मुख्य डॉक्टर म्हणून कोणास बोलवावे, याचा विचार झाला तेव्हा इंग्लंडातील पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी एडिथ पेचीचे नाव सुचविले. एडिथबाई व्हिएन्नास जाऊन आणखी शिकून घेऊन १८८३ च्या डिसेंबरात मुंबईस पोहोचल्या. वय वर्षे अडतीस.

इमारत पुरी व्हायला अजून अडीच वर्षे होती. एडिथबाई थांबून राहिल्या नाहीत. १८८४ साली तात्पुरत्या जागेत स्त्रिया व मुले यांच्यासाठी दवाखाना सुरू झाला. हिंदुस्थानी भाषा त्यांनी झपाट्याने आत्मसात केली, कारण आईचे म्हणणे दुभाष्याच्या तोंडून ऐकण्यात काय हरवते हे त्या जाणत होत्या.

येथे क्षणभर थांबून दवाखाना आणि रुग्णालय यांतील फरक समजून घेऊ. दवाखान्यात आई मूल घेऊन येते, डॉक्टर तपासते, बाटली भरून देते, आणि आई त्याच कोंदट खोलीकडे, त्याच गढूळ पाण्याकडे परतते. हगवण लागलेले मूल दिवसा तरतरीत दिसते आणि मध्यरात्री ढासळते. त्या वेळी बाटलीचा उपयोग नसतो. चमच्याचमच्याने पाणी पाजणारा हात लागतो, श्वास मोजणारा डोळा लागतो. दवाखाना औषध देतो, रुग्णालय रात्र जागते. लंडनमध्ये डॉ. चार्ल्स वेस्ट यांना हीच गोष्ट उमगली होती. तेही बाप्टिस्ट उपदेशकाचे पुत्र. त्यांनी मुलांच्या एका दवाखान्यात वर्षानुवर्षे काम करून पाहिले, खाटांवाचून हे चालायचे नाही अशी त्यांची खात्री झाली, आणि १८५२ साली ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील एका जुन्या घरात अवघ्या दहा खाटांनिशी त्यांनी मुलांचे रुग्णालय उघडले. पुढे शेजारचे घर घेतले, मग मागच्या बागेत नवी मोठी इमारत बांधली. आज ते जगप्रसिद्ध आहे. आरंभ मात्र दहा खाटांचा.

मुंबईत १८८६ साली कामा रुग्णालय उघडले आणि दवाखान्याला खाटांची जोड मिळाली. आता आजारी बाईला आणि आजारी मुलाला आत ठेवून घेता येऊ लागले. पण त्या काळी रुग्णालय म्हणजे मरायला जाण्याची जागा, अशी लोकांची समजूत. तेथे कोणाच्या हातचे पाणी प्यावे लागेल, शेजारच्या खाटेवर कोणत्या जातीची बाई असेल, मेल्यावर देहाचे काय करतील, अशा नाना शंका. सासूने परवानगी दिली तर नवरा देईना, नवऱ्याने दिली तर भाऊबंद देईनात. अशा घरातून एक बाई आत येऊन राहणे म्हणजे एक गडच सर होणे. तो गड डोक्यावर छप्पर आहे म्हणून सर होत नव्हता. आत वरपासून खालपर्यंत सगळ्या बायकाच आहेत, डॉक्टरीणबाई स्वतः येऊन खाटेशी बसते, हे एकीने दुसरीला सांगितले, दुसरीने तिसरीला. तेव्हा खाटा भरू लागल्या.

एडिथबाईंनी आणखी एक दूरदृष्टीचे काम केले. त्यांनी कामा रुग्णालयात परिचारिकांच्या शिक्षणाची सुरुवात केली. डॉक्टर खाटेपाशी दिवसातून दोनदा येते. परिचारिका तेथेच असते. विलायतेहून एखादी डॉक्टर आणता येईल, पण रात्रभर जागणारे हात येथलेच असले पाहिजेत, मुलाच्या आईची भाषा जाणणारे असले पाहिजेत. आज आपल्या मंडळ्यांतील कितीतरी मुली परिचारिका म्हणून सेवा करीत आहेत. त्या परंपरेचे एक मूळ मुंबईच्या त्या इमारतीत सापडेल. पुढे त्याच आवारात बोमनजी एडलजी आल्ब्लेस यांच्या देणगीतून बाळंतपणाचे स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले. कामा आणि आल्ब्लेस अशी जोड नावे मुंबईकरांच्या तोंडी बसली ती तेव्हापासून.

कामाच्या मोबदल्याविषयीही एडिथबाईंची भूमिका ठाम होती. स्त्री डॉक्टरचे काम पुरुषाइतकेच असेल तर तिचा पगार आणि मानही तितकाच असावा, असे त्या आग्रहाने मांडीत. काहींना हा लोभ वाटला असेल. पण ज्या मुलीची शिष्यवृत्ती ती मुलगी आहे एवढ्याच कारणाने हिरावली गेली होती, तिला हे पुरते ठाऊक होते की आज आपण कमीवर राजी झालो तर उद्याच्या मुलींचे मोल कायमचे कमी ठरेल. नम्रता आणि दुबळेपणा यांत फरक आहे, आणि ख्रिस्ती मनुष्याने तो ओळखला पाहिजे.

खाटेवरच्या रोग्यांना पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आले की कित्येक रोगांचे मूळ घरात आहे. ज्या वयात मुलीने अंगणात खेळावे त्या वयात ती संसाराला जुंपली जात होती. तिचेच शरीर वाढलेले नसताना तिला मूल होत होते. अशा आईचे मूल अशक्त, आणि आईही कायमची खंगलेली. नुसती औषधे देत राहणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. म्हणून १८९० साली त्यांनी मुंबईच्या हिंदू पुरुषांपुढे बालविवाहाविषयी जाहीर भाषण केले आणि डॉक्टर या नात्याने त्याचे दुष्परिणाम निर्भीडपणे सांगितले. परक्या बाईने आमच्या घरात का नाक खुपसावे, असे विचारणारे पुष्कळ होते. १८९१ साली सरकारने संमतिवयाचा कायदा केला आणि दहा वर्षांची मर्यादा बारावर नेली. याईराच्या मुलीचेही वय बाराच होते. प्रभूने तिला उठविल्यावर खायला द्यायला सांगितले, कारण ती अजून लेकरूच होती. आपल्या देशात मात्र त्या वयाच्या मुलीला लेकरू म्हणावे की नाही यावर रणे माजली होती.

याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठे झाल्यावर दादाजी भिकाजी यांच्या घरी नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली खटला उभा राहिला. १८८७ साली न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला, तेव्हा त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. अखेर १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. या धीट मुलीला एडिथबाईंनी आधार दिला, वैद्यक शिकण्यास उत्तेजन दिले, आणि त्यांच्यासारख्यांच्या साहाय्याने रखमाबाई १८८९ साली लंडनला गेल्या. १८९४ साली डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रिया व मुले यांची सेवा केली. आनंदीबाई जोशी १८८६ साली पदवी घेऊन आल्या होत्या, पण १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने त्यांना ओढून नेले. एकही रोगी तपासण्याची संधी त्यांना आपल्या भूमीवर मिळाली नाही. आनंदीबाईंचे अपुरे राहिलेले स्वप्न रखमाबाईंच्या हातून पुढे चालले, आणि त्या हाताला धरून उठविणाऱ्यांत एका पाळकाची ही मुलगी होती.

१८८९ साली एडिथबाईंनी हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन यांच्याशी विवाह केला. फिप्सन हे मुंबईतील व्यापारी, आणि निसर्ग इतिहास संस्थेचे उत्साही सचिव. विवाहानंतरही एडिथबाईंनी काम सोडले नाही. मात्र मधुमेहाने शरीर पोखरले होते. १८९४ च्या सुमारास त्यांना कामा रुग्णालयाची जबाबदारी खाली ठेवावी लागली. खासगी रीत्या त्या रोगी पाहत राहिल्या.

मग १८९६ साल उजाडले आणि मुंबईत प्लेग आला. सरकारची पथके घरात शिरू लागली, आजाऱ्यांना उचलून रुग्णालयात नेऊ लागली, बायकामाणसांची तपासणी होऊ लागली. लोक भेदरले. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. विचार करा : तेही रुग्णालयच होते, तेथेही खाटा होत्या, डॉक्टर होते. पण जेथे माणसाला जबरीने नेले जाते आणि घरच्यांना आत येऊ दिले जात नाही, ती जागा लोकांना तुरुंगासारखी वाटते. त्या धामधुमीत एडिथबाई प्रकृतीची पर्वा न करता साथ आवरण्याच्या कामात उतरल्या. दोन वर्षांनी, १८९८ साली, आमच्या हुबळीतही प्लेगने थैमान घातले. घरेच्या घरे ओस पडली. तेव्हा येथील हजारो लोकांनी डॉ. हाफकिन यांची लस टोचून घेतली, अशी वैद्यकाच्या इतिहासात नोंद आहे.

फिप्सन दांपत्याला मूल नव्हते. पण नाशिकजवळ मोकळ्या हवेत स्त्रिया व मुले यांच्यासाठी एक आरोग्यधाम निघाले, त्याला पेची-फिप्सन असे दोघांचे नाव मिळाले. मुंबईच्या दाटीतून आजारातून उठलेल्या आया आणि लेकरे तेथे हवापालटासाठी जावीत, हा हेतू. औषधाने रोग जातो, पण बळ परत यायला हवा, अन्न आणि विश्रांती लागते; ज्यांच्यापाशी हे विकत घ्यायला पैसा नाही त्यांनाही ते मिळाले पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती.

१९०५ साली पतिपत्नी हिंदुस्थान सोडून इंग्लंडला परतली. तेथेही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९०७ च्या फेब्रुवारीत स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून लंडनमध्ये पावसाचिखलातून मोठी मिरवणूक निघाली, तिच्या अग्रभागी त्या होत्या. ज्या मुलीवर सदतीस वर्षांपूर्वी एडिंबरोत चिखल फेकला गेला होता, ती आता स्वखुशीने चिखल तुडवीत पुढे चालली होती. पुढच्या वर्षी, १४ एप्रिल १९०८ रोजी, कर्करोगाने फोकस्टन येथे त्यांचे निधन झाले. पतीने त्यांच्या नावाने लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात शिष्यवृत्ती ठेवली. जिची शिष्यवृत्ती हिरावली गेली, तिच्या नावाने इतर मुलींना शिष्यवृत्ती मिळू लागली. आणि ज्या विद्यापीठाने पदवी नाकारली, त्या एडिंबरो विद्यापीठाने २०१९ साली त्या सातही जणींना मरणोत्तर पदवी बहाल केली. उशीर झाला, पण सत्य उजेडात आले.

मुंबईत मुलांसाठी स्वतंत्र मोठे रुग्णालय, परळचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय, १९२९ साली उघडले, म्हणजे एडिथबाईंच्या मृत्यूनंतर दोन दशके उलटल्यावर. पण आईने मूल निर्धास्तपणे आत ठेवावे हा विश्वास शहरात रुजविण्याचे काम कामा रुग्णालयाने आधीच केले होते. आणि तो विश्वास नुसता बोलण्याचा नव्हता, हे २००८ साली २६ नोव्हेंबरच्या रात्री दिसून आले. हाती बंदुका घेतलेले दोन मारेकरी कामा रुग्णालयात शिरले. पहारेकरी मारले गेले. त्या वेळी वरच्या मजल्यावर कामावर असलेल्या एका परिचारिकेने वॉर्डाची दारे लावून घेतली, वीसएक गरोदर स्त्रियांना एका लहानशा खोलीत हलविले, आणि अंधारात त्यांच्यासोबत रात्र काढली. त्या सर्व जणी वाचल्या. सव्वाशे वर्षांपूर्वी एडिथबाईंनी ज्या परिचारिकांना रात्र जागायला शिकविले, त्यांच्याच परंपरेतील ती एक.

एडिथ पेची कोणत्या मिशनने पाठविलेली प्रेषिता नव्हती. तिने येथे प्रवचने केली नाहीत. आपल्यापैकी काहींना वाटेल की मग मंडळीच्या मासिकात तिची कथा कशाला? मला वाटते की प्रभूने गर्दीत थांबून त्या लाजणाऱ्या स्त्रीला कन्या म्हटले आणि याईराच्या लेकरीचा हात धरला, ते जर शुभवर्तमान असेल, तर कोणी तसे करताना दिसले की तेथे आपण थांबून पाहिले पाहिजे.

आता पुन्हा आपल्या गावाकडे येऊ. मुलांच्या रुग्णालयाची नवी इमारत कोठेही उभी राहत असेल, तर आपण वर्गणी जरूर द्यावी. कामा आणि जाफर सुलेमान यांच्यावाचून एडिथबाई काही करू शकल्या नसत्या. पण थैलीत पैसे टाकून आपले काम संपत नाही. त्या नव्या वॉर्डात हावेरी-गदगकडच्या खेड्यातून आलेली आई खाटेच्या पायथ्याशी बसलेली असेल. तिला कागद वाचता येत नसेल, कोणाला काय विचारावे हे कळत नसेल, आणि दोन दिवस तिच्या पोटात अन्न गेले नसेल. तिच्याजवळ कोणी जाऊन तिच्या भाषेत दोन शब्द बोलेल काय? तिचा नवरा बाहेर पायरीवर बसलेला असेल. त्याला कोणी भाकरी देईल काय? आपल्या मुलींपैकी एखादी परिचारिका व्हायचे म्हणेल, तेव्हा रात्रपाळीच्या भीतीने आपण तिला मागे खेचू काय?

इमारत गवंडी बांधतात. तिचे रुग्णालय होते ते तेथे रात्र जागणाऱ्या माणसांमुळे. येत्या रविवारी उपासनेनंतर आपल्यापैकी दोघातिघांनी जरी मुलांच्या वॉर्डाकडे एक फेरी मारली, बरोबर थोडे दूध, थोडी फळे आणि पुष्कळसा वेळ नेला, तर या कथेचा लाभ झाला असे मी समजेन. आजारी लेकरांचा आणि त्यांच्या मातांचा सांभाळ करणारा परमेश्वर आपणां सर्वांना त्या वाटेवर चालवो.